शाळा सोडल्याचे कारण

औरंगपुऱ्यातल्या मुलांच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं लेखनिक होतो. १९९२ च्या जूनमध्ये लागलो आणि २०२५ च्या ३१ मे रोजी निवृत्त झालो. मुलं मला भाऊसाहेब म्हणायची. शिपायाला मामा, कारकुनाला भाऊसाहेब आणि बाकी सगळे सर, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. वर्गात मी कधी उभा राहिलो नाही. पण शाळेत नवा येणारा मुलगा बापाचं बोट धरून आधी माझ्या खिडकीशी येतो, आणि जाताना टीसी घेतो तोही त्याच खिडकीतून. मधली पाच-सहा वर्षं तो वर्गशिक्षकांचा. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा मात्र माझा.

औरंगपुऱ्यातली जुनी शाळा म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं नाव सरस्वती भुवनचं येतं, आणि ते रास्तच आहे. १९१५ साली निघालेली ती संस्था. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, त्या काळात इथल्या मराठी घरांनी मुलांसाठी ती उभी केली. पुढे गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसाने तिच्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. आमची शाळा त्याच हवेत वाढलेली, आकाराने लहान. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे एक चूक सांगायची आहे. ती माझी आहे, शाळेची नाही.

आमच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. एका बाजूला भाजीमंडई, दुसऱ्या बाजूला पुस्तकांची दुकानं, पुढे जिल्हा परिषदेची गर्दी. जूनमध्ये तर आईबाप वह्यापुस्तकांच्या याद्या हातात घेऊन या दुकानातून त्या दुकानात हिंडत असत. सकाळची शाळा सात-वीसला भरायची, दुपारची बारा-वीसला. मामा रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचे. शेवटचा टोल पडला की फाटक लागायचं आणि उशिरा आलेल्यांची रांग माझ्या खिडकीखाली उभी राहायची, कारण उशिराची वही माझ्याकडे. त्या वहीत कारण लिहावं लागे. सायकल पंक्चर, पोट दुखत होतं, ही सगळ्या गावातली कारणं. आमच्या शहराचं खास कारण वेगळं: “भाऊसाहेब, आज नळाला पाणी होतं.” जायकवाडीचं धरण इथून तासाभराच्या वाटेवर आहे, पण नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी यायचं. ते आलं की घरातला मोठा मुलगा घागरी, टाक्या, बादल्या भरून मगच बाहेर पडू शकायचा. आमचे एक मुख्याध्यापक हे कारण वाचलं की काही न बोलता मुलाला वर्गात सोडायचे. मला ते फार आवडायचं. ओल्या बाह्या पाहिल्या की खरं-खोटं विचारायची गरजच नसे.

श्रावणात शनिवारी वर्ग निम्मे रिकामे. आदल्या रात्री मोठी मुलं पायी खुलताबादला भद्रा मारुतीला जायची आणि सकाळी तिकडूनच घरी येऊन झोपायची. नवरात्रात कर्णपुऱ्याची जत्रा. मधल्या सुट्टीनंतर नववी-दहावीचे हजेरीपट पाहिले की जत्रेत गर्दी किती आहे ते मला जागेवर बसून कळायचं.

फक्त मुलांची शाळा म्हणजे नुसता दंगा, असं बाहेरच्यांना वाटतं. दंगा असतोच. पण अशा शाळेत घरात ज्या कामांना मुलगे हात लावत नाहीत ती सगळी कामंही मुलांनाच करावी लागतात, हे फार कोणाच्या लक्षात येत नाही. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, तिकडे सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्री झेंडा फडकवतात आणि आमच्या पटांगणात सातवीची पोरं गुडघे टेकून रांगोळी काढत असतात. पाहुण्यांना ओवाळायला ताट घेऊन दोन मुलं उभी. स्नेहसंमेलनात जिजाऊ मुलगाच, सावित्रीबाईही मुलगाच. एका वर्षी नववीतला एक धिप्पाड कबड्डीपटू आईची नऊवारी नेसून उभा राहिला. त्याने पहिलं वाक्य असं काही शांतपणे म्हटलं की मागच्या ओळीतल्या कोणालाही हसू आलं नाही.

माझ्या खणात शिक्के, स्टँप पॅड, स्टेपलच्या पिना यांच्या जोडीला एक सुईदोऱ्याची डबी आणि औषधाच्या बाटलीत भरलेली बटणं होती. पहिल्या वर्षी पाचवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर खिडकीशी येऊन नुसता उभा राहिला. कबड्डीत शर्टाची तीन बटणं गेलेली. वर्गात जायची लाज, घरी जायची भीती. मी बटणं लावून दिली. दुसऱ्या दिवशी दोघं आले. मग मी ठरवलं की लावून द्यायचं नाही, लावायला शिकवायचं. दोरा दुहेरी घे, गाठ आतून मार, चार भोकांतून फुलीसारखा फिरव, बटणाखाली दोन वेढे दे म्हणजे ते उचललेलं राहतं, काजात नीट बसतं. तेहतीस वर्षांत किती मुलांनी माझ्या टेबलाशी बनियनवर बसून आपलं बटण लावलं असेल, त्याचा हिशेब नाही. त्यांतला एक परवा बँकेत भेटला. चांगला अधिकारी आहे. म्हणाला, “भाऊसाहेब, अजून मपलं बटण मीच लावतो.”

पण माझं खरं काम म्हणजे जनरल रजिस्टर. शाळेबाहेरच्या माणसाला हे नाव नुसतं सरकारी वाटेल. मोठ्या आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं पुस्तक. एका मुलाला एक आडवी ओळ, दोन पानांवर पसरलेली. रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. हे पुस्तक गेलं तर पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून ते लोखंडी कपाटात राहतं. ‘सरल’वर आणि यू-डायसवर मुलांची माहिती भरायला लागल्यापासून पुष्कळांना वाटतं की आता रजिस्टरचं काय काम. पण संगणकात नाव चुकलं की तहसीलपासून मंत्रालयापर्यंत सगळे शेवटी विचारतात एकच: रजिस्टरला काय आहे?

जन्मतारखेचा रकाना वाचत गेलं की मराठवाडा कळतो. पानापानांवर एक जून, एक जून, एक जून. गावच्या गुरुजींनी मुलाची उंची पाहिली, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का पाहिलं आणि शाळेत बसेल अशी तारीख मांडली. माझीही तीच. सरकारदरबारी मी १ जून १९६७ चा. आई म्हणायची, तू पोळ्याच्या करीचा, बैलांच्या अंगावरचे ठसे अजून ओले होते. म्हणजे श्रावण अमावास्येनंतरचा दिवस. गुरुजींच्या तारखेमुळे आमच्यासारखे हजारो कर्मचारी दरवर्षी ३१ मे रोजी एकदम निवृत्त होतात. त्या संध्याकाळी राज्यभरातल्या कचेऱ्यांत शाली आणि नारळ कमी पडतात.

आता ती चूक. १९९६ मध्ये पाचवीत एक मुलगा आला. बाप मंडईत भाजीची पाटी लावायचा. प्राथमिक शाळेचा दाखला खिशात घामाने भिजलेला, घडी नेमकी अक्षरी तारखेवर पडलेली आणि तिथेच कागद फाटलेला. अंकी तारीख शिल्लक होती. देवनागरी १ आणि ९ मध्ये घाईच्या अक्षरात फरक तो काय, एका वळणाचा. त्या दिवशी खिडकीशी साठ-सत्तर माणसं होती. मी ९ वाचला. रजिस्टरला लिहिलं, अंकी ९ जून, अक्षरी नऊ जून. बाप समोरच उभा होता. त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. विचारलं नाही.

तीच तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर गेली. २००५ मध्ये तो पोरगा भरतीला उतरला, धावण्यात पास, छातीत पास. कागद तपासताना बाकीच्या दाखल्यांवर एक जून, दहावीच्या प्रमाणपत्रावर नऊ जून. दुरुस्त करून आणा म्हणाले. शाळा सोडून गेलेल्या मुलाची नोंद मुख्याध्यापकांना आपल्या अधिकारात बदलता येत नाही. प्रस्ताव करायचा, शिक्षण खात्याची मान्यता आणायची, मग बोर्डात द्यायचं. प्रत्येक टेबलावर माणसांनी नियमानेच काम केलं. चार महिने लागले. तोवर भरती होऊन गेली होती आणि पुढच्या वेळी वय बसलं नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. वाटलं, बोलेल काहीतरी, बोलायला हवं होतं. तो म्हणाला, “भाऊसाहेब, ती ओळ बघायचीय एकदा.” मी रजिस्टर काढलं, पान उघडलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या सुंदर अक्षरात तिथे ‘नऊ’ लिहिलेलं होतं. त्याने त्याच्यावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि गेला. आज बापाच्याच जागेवर त्याचा भाजीचा गाळा आहे. चांगलं चाललंय त्याचं. मी भाजी घेतली की तो कोथिंबिरीची एक जुडी वरून टाकतो. पैसे दिले तर घेत नाही. इतकी वर्षं झाली, ती जुडी पिशवीत घेताना माझा हात अजून जड होतो.

त्यानंतर मी एक नेम केला. प्रवेशाच्या वेळी मुलाचं नाव, आईचं नाव, तारीख मोठ्याने वाचायची आणि बापाकडून, आईकडून, मुलाकडून तिघांकडून हो म्हणवून घ्यायचं. रांग वाढायची. लोक कुरकुर करायचे. मी थांबलो नाही. आईचं नाव विचारलं की पूर्वी पुष्कळ बाप अडखळायचे. घरचं नाव वेगळं, माहेरचं वेगळं, रेशनकार्डावर तिसरंच. मग मुलगाच हळूच सांगायचा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी सरकारने मुलाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरवला.

कपाटाच्या तळच्या कप्प्यात निजामाच्या काळातली रजिस्टरं आहेत. काही उर्दूत, काही पानं मोडीत. तारखा फसली सनातल्या. आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे महिने. आजूर आपल्या ऑक्टोबरच्या सुमाराला लागतो. फसली सनात ५९० किंवा महिन्याप्रमाणे ५९१ मिळवले की इसवी सन येतो. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या उर्दू शाळेतले एक निवृत्त सर दर गुरुवारी यायचे, त्यांनी शिकवलं. ते भिंग लावून वाचायचे, मी मराठीत पेन्सिलीने उतरवायचो. दोन हिवाळे हे काम चाललं. त्याचा मेहनताना म्हणजे मामांच्या हातचा चहा.

या जुन्या पानांवर ‘नाम खारिज’ असा शब्द येतो. नाव कमी केलं. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला परिपाठातली आमची पोरं आठवली. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, आता राज्यगीतही, आणि शाळा सुटताना वंदे मातरम्. शेवटच्या कडव्यापर्यंत निम्म्यांचं लक्ष दप्तराच्या पट्ट्यावर असतं, घरी पळायचं असतं. त्यात वावगं काही नाही, मुलं आहेत. पण १९३८ मध्ये हेच गीत म्हटलं म्हणून याच शहरातल्या कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांची नावं कमी झाली. त्यांतली कितीतरी पुढे नागपूरला जाऊन शिकली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. एखाद्या कारकुनाने तेव्हा बोरू बुडवून ती नावं खोडली असतील. मी अनेकदा त्या कारकुनाचा विचार केला आहे. हुकूम प्राचार्याचा, त्याच्या वरचा निजामाचा, पण रेघ ओढणारा हात आमच्यासारख्याचा.

कारणाचा रकाना हा रजिस्टरातला सगळ्यात खोटा रकाना. तिथे दोन-तीनच ठरलेली वाक्यं लिहायची पद्धत आहे. पालकांची बदली. पुढील शिक्षणासाठी. सतत गैरहजर. १९७२-७३ ची पानं मी लागण्याच्या कितीतरी आधीची, दुसऱ्याच्या अक्षरातली. तिथे एकाखाली एक ‘सतत गैरहजर’. पहिल्या पाच-सहा ओळी संपूर्ण लिहिलेल्या, पुढे नुसती ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं, पानभर. दुष्काळात ती मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली होती. दुष्काळी कामांवर डोळ्यांना चिंधी बांधून दगड फोडणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती टिंबं वाचता येतात. करोनानंतर शाळा उघडली तेव्हा माझ्यावरही तीच पाळी आली. आठवीतला एक मुलगा परतला नाही. वाळूजला एका हॉटेलात कपबशा विसळतो म्हणून कळलं. आमचे एक सर दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तर हॉटेलवाल्याने तो गावी गेला म्हणून सांगितलं. रकान्यात मी काय लिहिलं असेल ते सांगायला नको. पेन्सिलीने मात्र शेऱ्यात बारीक अक्षरात गावाचं नाव लिहून ठेवलं आहे.

२०२३ च्या सप्टेंबरपासून आमच्या खिडकीची गर्दी बदलली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठ्यांच्या निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि एरवी क्वचितच कोणी विचारलेली ती तळच्या कप्प्यातली रजिस्टरं एकदम टेबलावर आली. तसे जुन्या नोंदींसाठी लोक पूर्वीपासून येतच होते. जात पडताळणीला आजा-पणज्याचा शाळेचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीची नोंद हवी. मला त्या तारखा घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ आहेत. पण त्या हिवाळ्यात रोज तीस-चाळीस माणसं. कोणाच्या हातात आजोबांचं नुसतं नाव, वर्ष माहीत नाही. कोणाला एवढंच ठाऊक की ‘आजा शहरात मामाकडं शिकायला होता.’

पैठण तालुक्यातला एक तरुण आईला घेऊन तीन दिवस आला. तिसऱ्या दिवशी दुपारी नाव सापडलं. १३४२ फसली, आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं, गावाचं, सगळं जुळत होतं. मी ओळीवर पट्टी ठेवून वाचत गेलो. जातीच्या रकान्यात त्याला हवा तो शब्द नव्हता. मला ते सांगताना फार अवघड गेलं. तो गप्प झाला. त्याची आई पुढे झाली, तिने विचारलं, “मामंजींचं नाव कुठं हाय?” सासऱ्यांना तिने पाहिलंच नव्हतं. तिच्या लग्नाआधीच ते गेले, घरात फोटो नाही. मी उर्दू अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं. तिने पदराने हात पुसले, पानाला हात न लावता वरून नमस्कार केला. उतारा मात्र मागितला. काय कामाला लागणार, मी विचारलं नाही. शिक्का मारून दिला.

दर मे महिन्यात, निकाल लागून गेले की, मी रजिस्टरं व्हरांड्यात काढायचो. उन्हात नाही, सावलीत. पानं एकेक उलटून वारा द्यायचा, वाळवी पाहायची, कपाट पुसून कोपऱ्यांत वेखंडाचे तुकडे आणि सुकलेला कडुनिंब ठेवायचा. शाळा तेव्हा एकदम मोकळी असते. पटांगणात बाहेरची पोरं क्रिकेट खेळतात, चेंडू व्हरांड्यात आला की मामा ओरडतात.

या वर्षी ते काम दोघांनी केलं. माझ्या जागी एक मुलगी आली आहे. मुलांच्या या शाळेत कार्यालयात बसणारी पहिलीच. ती मोबाईलवर पानांचे फोटो काढत होती, मी पानं धरत होतो. एका पानाशी ती थांबली. वरच्या अर्ध्यावर तारखा फसली, खालच्या अर्ध्यावर इसवी. अक्षर तेच, शाईही तीच. मधल्या सात-आठ मुलांच्या कारणाचा रकाना कोरा.

“हे काय आहे भाऊसाहेब? आबान १३५७?”

“सप्टेंबर १९४८.”

ती थोडा वेळ पानाकडे पाहत राहिली. रझाकारांच्या दिवसांत घरं बंद करून लोक निजामाच्या हद्दीपलीकडे नगर, मनमाडकडे गेले होते, हे तिला आजीकडून ठाऊक होतं. त्या कोऱ्या रकान्यांतल्या मुलांपैकी चार खालच्या अर्ध्यात पुन्हा दाखल झालेली आहेत. तीच नावं, नवा क्रमांक, इसवी तारीख. मी तिला एकेक जोडी दाखवली. उरलेल्या तिघा-चौघांची नावं तिने तीन-चार वेळा खाली शोधली.

“हे नाही आले?”

“या शाळेत नाही आले.”

तिने फोटो काढला. मग पर्समधून पेन्सिल काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहू का म्हणून विचारलं. मी पान दोन्ही हातांनी दाबून धरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून.